रक्तातून आलेला काळा रंग

काही अवायुजीवी जिवाणू रक्त मिसळलेल्या अगार या जेलीसारख्या माध्यमावर वाढवले, की त्यांच्या वसाहती काळ्या पडतात. सुरुवातीला वसाहत पांढुरकी किंवा फिकट बदामी असते. मग कडेकडून तांबूस तपकिरी छटा चढू लागते आणि पाच ते चौदा दिवसांत ती काळीभोर, चकचकीत होते. तेच जिवाणू रक्त नसलेल्या माध्यमावर वाढवले, तर ते वाढतात कसेबसे आणि रंग धरत नाहीत. हा फरक संशोधकांना पहिल्यापासून दिसत होता. त्याचा अर्थ लागायला मात्र पाव शतक गेले.

अवायुजीवी म्हणजे ज्यांना जगायला ऑक्सिजन लागत नाही असे जीव. त्यांतल्या काहींना तर तो सोसतही नाही. काळा रंग धरणारे जिवाणू या दुसऱ्या, हट्टी गटातले. माणसाचे तोंड, घसा, आतडे आणि योनिमार्ग या त्यांच्या नेहमीच्या जागा. आज ते मुख्यतः दोन प्रजातींत विभागले जातात: पोर्फायरोमोनास आणि प्रिव्होटेला. त्यांपैकी पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस या जिवाणूचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे, कारण दाताभोवतीचे हाड झिजवणाऱ्या रोगाशी, म्हणजे लोक ज्याला पायोरिया म्हणतात त्याच्याशी, त्याचा निकटचा संबंध आहे. श्वासागणिक हवा आत-बाहेर होणाऱ्या तोंडात ऑक्सिजनचे वावडे असलेला जीव राहतोच कसा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर जागेत आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल नसते; रोगात ती खोल होत जाते. दातावरच्या थरात वरच्या बाजूला राहणारे जिवाणू मिळेल तो ऑक्सिजन वापरून टाकतात आणि खाचेच्या तळाशी तो फारसा पोचतच नाही.

प्रयोगशाळेत ही परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी लागते. अगारच्या बशा हवाबंद बरणीत ठेवून आतला ऑक्सिजन काढून टाकतात. त्याजागी नायट्रोजन, हायड्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड भरतात. उरल्यासुरल्या ऑक्सिजनचा पॅलेडियमच्या साहाय्याने हायड्रोजनशी संयोग होऊन पाणी होते. अगारमध्ये मेंढीचे किंवा सशाचे रक्त घालतात. हे रक्त आधी गोठवून पुन्हा वितळवले, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, तर रंग लवकर चढतो. ही युक्ती तंत्रज्ञांना अनुभवाने सापडली होती, पण तिच्यात रंगाच्या उगमाचा सरळसरळ पुरावा होता: जिवाणूला हवे असलेले द्रव्य तांबड्या पेशींच्या आत असते आणि पेशी आयती फोडून दिली, की त्याचे निम्मे काम होते.

१९२१ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ऑलिव्हर आणि वेरी या दोघांनी माणसाच्या श्लेष्मल त्वचेवर राहणाऱ्या जिवाणूंचे वर्णन करताना या काळ्या वसाहतींची नोंद केली. कातडीला आणि केसांना रंग देणारे मेलॅनिन हेच या काळेपणाचे कारण असावे असे त्यांना वाटले आणि त्यांनी जिवाणूला बॅक्टेरियम मेलॅनिनोजेनिकम, म्हणजे मेलॅनिन निर्माण करणारा, असे नाव दिले. प्राण्यांच्या शरीरात मेलॅनिन तयार होण्याच्या पहिल्याच पायरीला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनपासून चार हात दूर राहणाऱ्या जिवाने ते कसे तयार करावे, ही शंका तेव्हाच यायला हरकत नव्हती. पण काळे ते मेलॅनिन, हा समज त्या काळी पक्का होता आणि नाव रूढ झाले.

१९४७ साली श्वाबाखर, ल्यूकस आणि रिमिंग्टन या तिघांनी ब्रिटनमध्ये या रंगद्रव्याची रासायनिक तपासणी केली. रिमिंग्टन हे पोर्फिरिन या संयुगांचे जाणकार होते. काळा पदार्थ मेलॅनिन नसून हिमॅटिन आहे, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनचाच एक अवशेष आहे, असे त्यांनी दाखवले आणि जिवाणूचे नाव चुकीचे असल्याचे आपल्या लेखाच्या शीर्षकातच जाहीर केले. तरी वाद लगेच मिटला नाही. हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायूही सोडतात. तो लोहाशी संयोग पावला की काळे आयर्न सल्फाइड बनते. १९६९ मध्ये हाच रंगाचा खुलासा म्हणून पुढे मांडला गेला होता. १९७९ मध्ये हारून शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या जातींच्या वसाहतींतून रंगद्रव्य वेगळे करून तपासले, तेव्हा त्यांना हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, आणि लोहविरहित पोर्फिरिन यांचे मिश्रण मिळाले. दोहोंचे प्रमाण जातीजातीत वेगळे होते. पुढे १९८८ साली पोर्फायरोमोनास आणि १९९० साली प्रिव्होटेला या प्रजाती शाह आणि कॉलिन्स यांनीच सुचवल्या. प्रिव्होटेला हे नाव पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील अवायुजीवी जिवाणूंचे अभ्यासक आंद्रे प्रेव्हो यांच्यावरून आले. गंमत अशी, की मूळ जिवाणू आजही प्रिव्होटेला मेलॅनिनोजेनिका या नावानेच ओळखला जातो. नामकरणाच्या नियमांत रसायनशास्त्रातली चूक हे नाव बदलण्याचे कारण ठरत नाही.

रंग कसा बनतो हे समजण्यासाठी हिमोग्लोबिनची रचना थोडी पाहावी लागते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्रथिनाच्या चार साखळ्या असतात आणि प्रत्येकीच्या पोटात, फणसाच्या गऱ्यात आठळी असावी तसा, हीमचा एक रेणू बसलेला असतो. हीम म्हणजे पोर्फिरिनचे चपटे कडे आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू. रक्ताला लाल रंग देणारा आणि ऑक्सिजन धरून ठेवणारा भाग तो हाच. प्रथिनाच्या आत असेपर्यंत हीम शिस्तीत वागते. बाहेर पडून मोकळे झाले, तर तेच विषारी ठरते: पेशींच्या आवरणात शिरते आणि आसपासच्या रेणूंचा नाश करणारी रसायने तयार करायला मदत करते. म्हणून शरीर हीमला एकटे फिरू देत नाही. हिमोग्लोबिन सांडले तर हॅप्टोग्लोबिन आणि मोकळे हीम दिसले तर हिमोपेक्सिन ही रक्तातली प्रथिने त्याला तत्काळ पकडतात.

जिंजिव्हॅलिसला हीम हवेच असते. बहुतेक जीव आपले हीम स्वतः तयार करतात. या जिवाणूकडे ते घडवणारी पूर्ण यंत्रणा नाही. २००३ साली त्याच्या एका वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा हीम घडवण्याच्या साखळीतल्या कित्येक पायऱ्यांची जनुके तिथे सापडलीच नाहीत. दुसरीकडे ऊर्जा मिळवण्याच्या त्याच्या व्यवस्थेत हीम असलेली प्रथिने आवश्यक असतात. तेव्हा हीम बाहेरून मिळवणे भाग आहे आणि हिरडीच्या खाचेत त्याचा एकच भरघोस साठा आहे: रक्त.

हा साठा लुटण्याचे हत्यार म्हणजे जिंजिपेन नावाची एन्झाइमे. ती जिवाणूच्या पृष्ठभागावर बसलेली असतात आणि बाहेरही सोडली जातात. १९९०च्या दशकात अमेरिकेतील जेम्स ट्रॅव्हिस आणि पोलंडचे यान पोटेम्पा यांच्या गटांनी त्यांची ओळख पटवली. प्रथिनांची साखळी अर्जिनिन या अमिनो आम्लाजवळ तोडणारी ती एक जात, आणि लायसिनजवळ तोडणारी ती दुसरी. या जिवाणूला साखरेत रस नाही. त्याचे सारे पोषण प्रथिनांच्या तुकड्यांवर चालते आणि ते तुकडे पाडण्याचे बहुतांश काम ही एन्झाइमे करतात. शरीराचे संरक्षक रेणू, हिरडीतले तंतू, हिमोग्लोबिन आणि हीम पकडणारी ती हॅप्टोग्लोबिन आणि हिमोपेक्सिन, सगळ्यांवर त्यांची कात्री चालते.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत दोन्ही एन्झाइमे क्रमाने काम करतात, आणि हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ताज्या हिमोग्लोबिनमध्ये हीम घट्ट बसलेले असते आणि त्याचे प्रथिन सहजासहजी तुटत नाही. अर्जिनिनजवळ तोडणारे जिंजिपेन प्रथम त्याचे मेथहिमोग्लोबिनमध्ये रूपांतर घडवून आणते. यात हीममधल्या लोहाचा एक इलेक्ट्रॉन जातो, लाल रंग तपकिरीकडे झुकतो आणि हीमची प्रथिनावरची पकड सैल होते. मग लायसिनजवळ तोडणारे जिंजिपेन प्रथिनाच्या चिंधड्या उडवते. सुटलेले हीम पकडायला जिवाणूने स्वतःची प्रथिने तयार ठेवलेली असतात. त्यांतले एचएमयूवाय नावाचे प्रथिन हीम अगदी घट्ट धरून ते आवरणावरच्या दाराशी पोचवते आणि तिथून हीम आत घेतले जाते. वसाहतीचा रंग बदामीवरून तपकिरी आणि मग काळा होत जातो, तो याच कामाचा बाहेरून दिसणारा हिशेब आहे.

पण खाऊन पचवलेले हीम काळे दिसण्याचे कारण नाही. रंग येतो तो न खाल्लेल्या, पृष्ठभागावर साचवून ठेवलेल्या हीममुळे. १९९८ साली लिव्हरपूल विद्यापीठातील जॉन स्मॉली आणि सहकाऱ्यांनी हा साठा नेमका कोणत्या रूपात असतो ते दाखवले. हीमचे दोन रेणू मध्ये ऑक्सिजनचा एक अणू धरून जोडलेले असतात. लोह, ऑक्सिजन, लोह असा पूल तयार होतो. या जोडरेणूंचे पुंजके जिवाणूच्या बाह्य आवरणावर थर धरतात. असा जोडरेणू बनायला थोडे अल्कधर्मी वातावरण सोयीचे पडते आणि जिंजिव्हॅलिस ते स्वतःच तयार करतो: अमिनो आम्ले खाताना त्याच्याकडून अमोनिया सुटतो आणि परिसर अल्कधर्मी होतो.

या थराचा उपयोग तिहेरी आहे. पहिला उघड आहे: हीमचा संचय. हिरडीतून रक्त रोज येईलच असे नाही. टंचाईच्या दिवसांत हा साठा उपयोगी पडतो. दुसरा उपयोग असा, की विषारी हीम जोडून ठेवल्यामुळे निरुपद्रवी होते. तिसरा उपयोग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जोडरेणू तयार होताना ऑक्सिजन खर्ची पडतो, म्हणजे जिवाणूला घातक असलेला पदार्थ त्याच्या अंगापर्यंत पोचण्याआधीच अडकवला जातो. शिवाय हा थर हायड्रोजन पेरॉक्साइडचेही विघटन करतो. शरीरातल्या पांढऱ्या पेशी आणि तोंडातलेच काही स्ट्रेप्टोकोकस जिवाणू पेरॉक्साइडचा मारा करत असतात. त्याचा निकाल लावणारे कॅटलेज हे नेहमीचे एन्झाइम जिंजिव्हॅलिसकडे नाही. ती उणीव काही प्रमाणात हा काळा थर भरून काढतो. ज्या रेणूचे काम शरीरात ऑक्सिजन वाहून नेण्याचे, तोच इथे ऑक्सिजन अडवायला जुंपलेला दिसतो.

काळा रंग हा असा सगळ्या साखळीचा अखेरचा परिणाम असल्यामुळे संशोधकांच्या हाती एक स्वस्त आणि नामी कसोटी आली. जनुकांत बदल घडवलेल्या हजारो वसाहती रक्ताच्या अगारवर वाढवायच्या आणि ज्या पांढऱ्या राहतील त्या उचलायच्या. त्या जिवाणूंत साखळीतला कुठला तरी दुवा तुटलेला असणार. काहींत लायसिनजवळ तोडणारे जिंजिपेनच नव्हते. जपानमध्ये १९९८ साली त्याचे जनुक मुद्दाम निकामी केले, तेव्हा वसाहती रंगहीन झाल्या. काहींत एन्झाइम पृष्ठभागाला बांधून ठेवणारा शर्करायुक्त धागा बिघडलेला होता. आणि काहींत जिंजिपेन पेशीच्या आत तयार होत होते, पण बाहेर पडू शकत नव्हते. या शेवटच्या गटाचा पाठपुरावा नागासाकी विद्यापीठातील कोजी नाकायामा यांच्या गटाने केला आणि त्यातून प्रथिने बाहेर टाकण्याची एक पूर्वी माहीत नसलेली यंत्रणा उजेडात आली. २०१० साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. आज ती नववी स्रवण यंत्रणा म्हणून ओळखली जाते. तिचीच भावंडे माती आणि पाण्यातल्या अशा जिवाणूंत सापडली, जे पृष्ठभागावरून सरपटत जातात. हिरडीतल्या जिवाणूच्या रंगाचा शोध घेता घेता मातीतल्या जिवाणूच्या चालीचा उलगडा व्हावा, असे विज्ञानात ठरवून घडत नाही. पांढऱ्या राहिलेल्या या वाणांची रोग निर्माण करण्याची क्षमताही प्राण्यांवरील प्रयोगांत मंदावलेली आढळली.

प्रिव्होटेलाची रीत थोडी निराळी आहे. प्रिव्होटेला इंटरमिडिया आणि प्रिव्होटेला निग्रेसेन्स हेही रक्तातूनच रंग घेतात. त्यांच्याकडे जिंजिपेनऐवजी इंटरपेन नावाचे एन्झाइम आहे आणि तेही हिमोग्लोबिनचे आधी मेथहिमोग्लोबिन करते. पण ते साखर आंबवून परिसर किंचित आम्लधर्मी ठेवतात, त्यामुळे त्यांच्या अंगावरचे हीम जोडीने नव्हे, तर एकेकट्या रेणूंच्या रूपात साचते. दोघे शेजारी राहत असतील तर प्रिव्होटेलाने अर्धवट उसवलेले हिमोग्लोबिन जिंजिव्हॅलिसच्या एन्झाइमांना सोपे जाते, असे प्रयोगांत दिसले आहे.

दुसरा फरक अंधारात दिसतो. प्रिव्होटेलाच्या कोवळ्या वसाहतींवर अतिनील प्रकाश टाकला, तर त्या विटकरी लाल रंगाने उजळतात. १९६९ साली या गुणधर्माची पद्धतशीर नोंद झाली. ही चमक हीमची नव्हे, तर त्यातून लोह वगळल्यावर उरणाऱ्या पोर्फिरिनची. लोहाचा अणू मधोमध बसला की पोर्फिरिनची चमक विझते. म्हणूनच वसाहत जून होऊन काळी पडते तसा हा लाल प्रकाश मंदावतो, आणि जोडलेल्या हीमने माखलेला जिंजिव्हॅलिस जवळपास चमकतच नाही. १९८० नंतर दंतसंशोधकांनी दोघांना वेगळे ओळखायला हाच फरक वापरला. काळा रंग येण्याची वाट आठवडाभर पाहावी लागते. चमक दोन-तीन दिवसांत दिसते. पोर्फिरिन निळा प्रकाश शोषून ऑक्सिजनचे घातक रूप तयार करते, त्यामुळे तोच प्रकाश या जिवाणूंना मारूही शकतो. ३८० ते ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने काळे जिवाणू निवडून मारता येतात असे २००५ साली प्रयोगशाळेत दाखवले गेले. प्रिव्होटेला त्याला अधिक चटकन बळी पडतात.

रक्त मिळाले म्हणजे या जिवाणूंचे सगळे भागले असेही नाही. १९५०च्या दशकाअखेर गुरांच्या पोटातल्या एका काळ्या जिवाणूला के जीवनसत्त्व लागते असे इंग्लंडमध्ये दिसून आले. १९६० साली अमेरिकेत गिबन्स आणि मॅकडोनाल्ड यांनी माणसाच्या तोंडातल्या वाणांबद्दल हेच दाखवले. तेव्हापासून अवायुजीवींच्या अगारमध्ये हेमिन, म्हणजे हीमचेच एक रूप, आणि के जीवनसत्त्व घालण्याची पद्धत आहे. तोंडात हे जीवनसत्त्व शेजारचे इतर जिवाणू पुरवतात. त्याच काळात गिनीपिगवर झालेल्या प्रयोगांत काळा जिवाणू एकटा टोचला तर फारसे काही होत नसे. के जीवनसत्त्वासारखे द्रव्य पुरवणारा सोबती दिला, की गळू होई. यावरूनच पुढे एक रोचक निरीक्षण आले. एस्ट्रॅडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्रीसंप्रेरकांची रचना या जीवनसत्त्वाशी इतकी जुळते, की प्रिव्होटेला इंटरमिडिया त्याऐवजी ती वापरू शकतो. १९८० साली कॉर्नमन आणि लोश यांनी गर्भवती स्त्रियांच्या हिरड्यांत मधल्या तिमाहीत या जिवाणूचे प्रमाण वाढल्याचे नोंदवले. गर्भारपणात हिरड्या सुजतात आणि ब्रश करताना चटकन रक्त येते, हे घराघरांत ठाऊक असते. त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

रोगाच्या बाजूने पाहिले, तर सगळ्याचे मूळ रक्तस्रावात आहे. हिरडी सुजली की तिच्यातून रक्त झिरपते, रक्त आले की हीम येते, हीम मिळाले की काळे जिवाणू वाढतात, आणि त्यांची एन्झाइमे हिरडी आणखी उसवतात. खाच खोल होते, ऑक्सिजन आणखी कमी होतो. हिरडीखाली दाताला चिकटलेले कीटण हिरडीवरच्या पिवळट कीटणापेक्षा काळपट असते, तेही रक्ताच्या अवशेषांमुळेच. मात्र तोंडात पाहून काळे जिवाणू ओळखता येत नाहीत; एका सूक्ष्म जिवाणूच्या अंगावरचा रंग डोळ्यांना दिसण्यासाठी कोट्यवधी एकत्र यावे लागतात. लहान मुलांच्या दातांवर हिरडीच्या कडेने दिसणारी काळी रेघ ही वेगळी बाब. दंतवैद्य ती सहसा खरवडून काढतात आणि तिचा पायोरियाशी संबंध लावत नाहीत.

हीम साचवून काळे होण्याची युक्ती या जिवाणूंपुरती मर्यादित नाही. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत बसून हिमोग्लोबिन खातो आणि सुटलेले विषारी हीम तपकिरी-काळ्या स्फटिकांत बांधून टाकतो. या स्फटिकांना हिमोझोइन म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्यांनाही मेलॅनिनच समजले जाई, हा योगायोग नव्हे. काळ्या रंगाने फसण्याची ती एकच खोड होती. तिथेही रंग कामाला आला: २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी सापडला, तो ओळखू आला त्याच्यातल्या या काळ्या कणांमुळे. मात्र हिमोझोइनमध्ये हीमचे रेणू वेगळ्या बंधांनी जोडलेले असतात, ऑक्सिजनच्या पुलाने नव्हे; आणि परजीवीला तो फक्त टाकाऊ माल असतो, चिलखत नव्हे.

सर्वच अवायुजीवींचा रंग असा परक्याच्या रक्तातून येतो असे नाही. स्वतः रंग घडवणारेही बरेच आहेत. चेहऱ्यावरच्या मुरुमांशी संबंध असलेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा अल्प ऑक्सिजनात रमणारा जिवाणू स्वतः पोर्फिरिन बनवतो. त्वचारोगतज्ज्ञाने अंधारात वुड्स लॅम्प हा अतिनील दिवा धरला की नाकावरची रंध्रे नारिंगी-लाल ठिपक्यांनी उजळतात ती त्याच्यामुळे. तळ्यांच्या तळाशी, ऑक्सिजन नसलेल्या पण उजेड पोचणाऱ्या थरात जांभळे आणि हिरवे गंधक-जिवाणू राहतात. त्यांची रंगद्रव्ये वनस्पतींच्या हरितद्रव्याच्या कुळातली असून प्रकाशातून ऊर्जा मिळवणे हे त्यांचे काम. काळ्या समुद्रात सुमारे १०० मीटर खोलीवर, जिथे माणसाच्या डोळ्याला काळोखच भासेल तिथेही, असा एक हिरवा जिवाणू तग धरून आहे. २०२०च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा ते अशाच जिवाणूंचे काम वाटण्याजोगे होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत ते मिठात वाढणारे हॅलोआर्किया असल्याचे आढळले. हे जीव जिवाणूंपेक्षा वेगळ्या गटातले, आणि बहुतेक ऑक्सिजन घेणारे.

क्लॉस्ट्रिडियम या अवायुजीवी प्रजातीच्या बाबतीत मात्र पुष्कळ काळ असे मानले जाई, की हे जिवाणू रंगीत, गुंतागुंतीची रसायने बनवतच नाहीत. २०१४ साली जर्मनीत येना येथे क्रिस्टियान हर्टवेक यांच्या गटाला क्लॉस्ट्रिडियम बायरिंकी या जिवाणूत क्लॉस्ट्रुबिन नावाचे जांभळे रंगद्रव्य सापडले. ते औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसलाही मारत होते. पुढच्याच वर्षी त्याच गटाने क्लॉस्ट्रिडियम प्युनिसियम या जिवाणूकडे लक्ष वळवले. हा बटाट्यात शिरून त्याचा गुलाबी, बुळबुळीत गाळ करतो. ताज्या बटाट्यात ऑक्सिजन भरपूर असतो, तेव्हा कट्टर अवायुजीवीला तिथे जगताच येऊ नये. क्लॉस्ट्रुबिन त्याला तिथे दोन प्रकारे तारते: त्याच्यामुळे जिवाणू ऑक्सिजनच्या सान्निध्यात टिकून राहतो, आणि बटाट्यावर डोळा ठेवून असलेले इतर जिवाणू त्याच रसायनाने दबून जातात.